दामोदरचं बाळंतपण

दामोदर हा बोका होता, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात ही गोष्ट कुणीच विचारात घेतली नाही, तेव्हा निदान तुम्हाला तरी माहीत असलेली बरी.

नाव मी ठेवलं. कारखान्यात माझे एक वरिष्ठ होते, दामोदरराव. जेवण झालं की ते डोळे मिटून फायलींवर विचार करत, आणि कुणी व्यत्यय आणलाच तर एकच डोळा उघडून पाहत. हा बोका आमच्या बंगळुरातल्या, मल्लेश्वरमच्या घराच्या कुंपणावर बसून नेमकं तेच करी. फरक इतकाच, की त्याच्यापुढे फायली नसत. निवृत्त झाल्यापासून माझ्यापुढेही नसत. त्यामुळे दुपारी मी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत आणि तो भिंतीवर, असे आम्ही दोघं मिळून देशाचा विचार करत असू. देशाला त्याचा त्रास झाला नाही.

तो आमचा नव्हता. तसा कुणाचाच नव्हता. सकाळचं दूध आमच्याकडे, दुपारचं जेवण शेजारच्या अनुसूयाक्कांकडे, आणि रात्री तो कुठे असतो हे विचारण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

त्या वर्षी धनुर्मासात थंडी जरा जास्तच होती. पहाटे देवळात पोंगलची खिचडी वाटायला सुरुवात झाली की सगळं मल्लेश्वरम तूप-मिऱ्यांच्या वासात आणि धुक्यात अर्धवट तरंगत असे. घरं जमिनीला टेकली आहेत की नाहीत हे आठ वाजेपर्यंत नक्की सांगता येत नसे. अशाच एका सकाळी समोरच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी मोटार सुरू केली. दामोदर ऊब शोधत बॉनेटच्या आत, इंजिनाला टेकून झोपला होता.

डॉक्टर देवाप्पांचा जनावरांचा दवाखाना जवळच होता. माणूस मूळचा निपाणीकडचा, त्यामुळे वाईट बातमी आम्हाला स्वच्छ मराठीत मिळाली.

"मागचा डावा पाय गेला समजा. बोका राहील."

संध्याकाळी तो फळांच्या करंडीतून घरी आला. पाय मांडीपासूनच नव्हता. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कर्णा हवा होता, आणि तसले कर्णे त्या दिवसांत दुकानात मिळत नसत. देवाप्पांनी एक जुनी एक्स-रे फिल्म कापून, वळवून, त्याच्या गळ्यात बसवली होती. कुणा अनोळखी माणसाच्या फासळ्यांमधून दामोदर आमच्याकडे बघत होता. औषधाच्या गुंगीत त्याचे दोन्ही डोळे उघडे होते, पण बघण्याचं काम एकही करत नव्हता.

"उबेत ठेवा," देवाप्पा म्हणाले. "बंद खोलीत. वारा लागू देऊ नका. उड्या नकोत. खायला चांगलं घाला. पडून राहू दे."

हेमलतेनं मान वर केली. या वर्णनाची जगात एकच गोष्ट तिला माहीत होती.

आता हेमलतेविषयी सांगायला हवं. हेमलता म्हणजे माझी बायको. आमची मुलगी संयोगिता अमेरिकेत, ओहायोत, आणि माघाच्या सुमाराला तिला बाळ होणार होतं. पहिलं बाळंतपण आईनं करायचं, ही गोष्ट हेमलतेच्या लेखी सूर्योदयासारखी होती. तिच्यावर चर्चा होत नसते. श्रावणापासून तयारी चालली होती. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग, ओवा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. दिवाळीपर्यंत एक मोठी बॅग भरून मधल्या खोलीत उभी राहिली. आणि दिवाळीनंतर संयोगिताचा फोन आला. तिच्या सासूबाई येणार होत्या. त्यांचं तिकीट झालंही होतं. घर लहान.

"आई, तू पुढच्या वर्षी ये, निवांत. तोवर बाळ बोलायलासुद्धा लागेल."

हेमलता म्हणाली, "बरं."

संसार जुना झाला की नवऱ्याला बायकोच्या 'बरं'चे प्रकार कळू लागतात. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. हातातून पडलेल्या वस्तूसारखं ते फोनपाशी पडलं, आणि ती ते न उचलता आत निघून गेली. बॅग रिकामी झाली नाही. तिच्यावरची धूळ मात्र रोज पुसली जाई.

दामोदर आला त्या संध्याकाळी बॅग उघडली.

मधल्या खोलीला पडदे लागले. खिडकीच्या फटीत कापूस बसला. कोपऱ्यात शेगडी आली, तिच्यावर ओवा-शेपाची धुरी. मी दारात उभा राहून जमेल तितक्या सौम्यपणे म्हटलं, "अगं, त्याचा पाय कापलाय. तो बाळंत झालेला नाही."

"अंगातलं रक्त गेलंय ना?"

"गेलंय."

"अशक्तपणा आलाय ना?"

"आलाय."

"मग झालं तर. दार ओढून घ्या आधी, वारा येतोय."

मी दार ओढून घेतलं. बाहेरच्या बाजूनं.

बाळंतिणीचे कान बांधायचे असतात. इथे कर्ण्याची अडचण होती. हेमलतेनं कर्ण्याच्या बाहेरून माझा मफलर गुंडाळला, आणि दामोदर थंडीत फिरायला निघालेल्या ग्रामोफोनसारखा दिसू लागला. डिंकाचा लाडू समोर आला तेव्हा त्यानं वरचं तूप सावकाश चाटून घेतलं आणि उरलेला लाडू माझ्याकडे सरकवला. अळिवाची खीर हुंगून तीही माझ्या वाट्याला सोडली. त्या बाळंतपणात वजन कुणाचं वाढलं म्हणाल, तर पहिल्या पंधरवड्यात तरी माझंच.

दुसऱ्या दिवशी अनुसूयाक्का आल्या. अनुसूयाक्कांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळुरात आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यांची मराठी इतकी वर्षं इथल्या पाण्यात मुरलेली होती. खोलीत डोकावून, धुराकडे बघून त्यांनी अगदी सहज विचारलं, "कसं हाय बाणंती?"

"अक्का, तो बोका आहे," मी म्हटलं.

"असू दे की अण्णा. स्वल्प शेक दिल्यावर काय बिघडतंय?" पदराखालून त्यांनी पितळी डबा काढला. "हेमक्का, हे तुमच्या खीर-बिरीनं नाही भागायचं. रस आणलाय."

"कसला?" मी विचारलं.

हेमलता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "डब्यात काय आहे ते मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका. अक्का, तो वेगळ्या ताटलीत घाला, ती ताटली तुमच्याकडेच ठेवा, आणि मी आता देवघरात जातेय."

दामोदरनं पाय गेल्यानंतर प्रथमच घशातून आवाज काढला. शिट्टी होण्याआधी कुकर काढतो तसला.

मग अक्कांनी त्याची दृष्ट काढली. मीठ-मोहरी मुठीत घेऊन तीन पायांवरून ओवाळली, आणि चौथ्या जागी, जिथे काहीच नव्हतं, तिथे हात जरा जास्त वेळ फिरवला.

"तिथं काय आहे अक्का?"

"नाही म्हणूनच की. असलेल्याकडं लोक बघून सोडतात. नसलेल्याकडं बघतच राहतात."

मी पेन्शनीत निघालेला माणूस. सुचायचं ते आधीच सुचून गेलेलं असतं.

त्या खोलीतल्या दुपारी मला अजून दिसतात. दिसतात म्हणजे स्पष्ट नाही, धुरातून. बाहेर रस्त्यावर सोप्पू, म्हणजे पालेभाजी, विकणारीची हाक लांबून यायची आणि पडद्याला अडून मऊ व्हायची. शेपाचा गोडसर धूर छताशी जाऊन थांबे, मग कंटाळून खाली उतरे. तीनच्या सुमाराला पडद्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत येऊन दामोदरच्या कर्ण्यावर पडत असे, आणि समोरच्या भिंतीवर फासळ्या उमटत. मोठ्या, निळसर, एखाद्या होडीच्या सांगाड्यासारख्या. दामोदरनं श्वास घेतला की त्या भिंतीवर हलायच्या. तो अनोळखी माणूस कोण होता, बरा झाला की नाही, कुणास ठाऊक. पण आमच्या भिंतीवर तो रोज तासभर शांतपणे श्वास घेत असे. हेमलता खाली चटईवर बसून जुन्या साडीच्या घड्या घालायची. मी दारापाशी स्टुलावर. घड्याळ होतं, पण त्याचं तिथे काही चालत नव्हतं.

झोपेत दामोदर धावायचा. पुढचे दोन पाय, मागचा एक, आणि डाव्या बाजूचा तो शिवलेला गोळासुद्धा, चारही ठेक्यात हलत. झोपेत त्याला सगळे पाय होते. जागा असला की कधीकधी तो मान डावीकडे कलती करून डोळे मिटायचा, आणि तो गोळा वेगानं थरथरायचा. कान खाजवत होता तो. चेहऱ्यावर सुख येण्याची तयारी झालेली असायची, आणि सुख यायचं नाही. मग हेमलता कर्ण्यात बोट घालून त्या नेमक्या जागी खाजवायची. दामोदर एक डोळा उघडून बघायचा. पायाचं काम पायानं केलं की दुसऱ्याच कुणी, याची त्याला शंका येत असावी.

तिथे बसल्या बसल्या माझा डोळा लागे, आणि मला तो पाय दिसे. एकटा. करड्या पट्ट्यांचा, व्यवस्थित, कुठेही न दुखावलेला. तो आठव्या क्रॉसच्या रस्त्यावरून फुलवाल्यांच्या मधून चालला होता; शेवंतीच्या राशींवर हलकेच पाऊल ठेवायचा आणि फुलं दबत नसत. संपिगे रोडवर बसची वाट बघत उभा राहिला. बस आली, ती त्याच्यासाठी थांबली, कंडक्टरनं त्याला खिडकीजवळची जागा दिली. एकदा तर तो माझ्या जुन्या कारखान्यात नोकरीला लागलेला दिसला. तिथे एका पायाचं काम चौघं मिळून करत, त्यामुळे त्याची फार लवकर बढती झाली. सगळे उठून उभे राहत होते. मीही राहिलो. तो माझ्याजवळ आला, थांबला, आणि काहीतरी विचारणार इतक्यात मी जागा झालो. शेगडीत एक निखारा हळूच कोसळला होता.

"कुठे गेला होतात?" हेमलतेनं विचारलं.

"त्याच्या पायाबरोबर होतो."

"बरा आहे?"

"मजेत आहे. बढती मिळाली."

तिनं मान डोलावली. त्या खोलीत असल्या बोलण्याला कुणी हसत नसे.

टाके काढायला देवाप्पा घरी आले. खोलीच्या दारात उभे राहिले, धुरात डोळे चोळले, शेगडी पाहिली, घड्या घातलेली दुपटी पाहिली, मफलर गुंडाळलेला दामोदर पाहिला.

"इथं कोण बाळंत झालंय?"

मी बोक्याकडे बोट दाखवलं.

देवाप्पांनी टाके काढले, कर्णाही काढला. जखम उत्तम भरली होती, हे त्यांना कबूल करावं लागलं. मग त्यांनी दामोदरला उचलून जमिनीवर ठेवलं. आमच्या घराला लाल कोबा आहे. हेमलता त्याला वर्षानुवर्षं खोबरेल लावून घासत आली आहे, आणि त्यात तोंड दिसतं. दामोदरनं एक पाऊल टाकलं, मागचा एकुलता पाय कोब्यावरून निसटला, आणि तो बुडावर आपटला. हेमलतेनं झेप घालून त्याला उचललं.

"ठेवा त्याला खाली," देवाप्पा म्हणाले.

"घसरतोय हो."

"घसरू दे. ही शेगडी बाहेर काढा, त्या धुरानं त्याची छाती भरेल. दार उघडा. बाई, मांजर पाय मोजत बसत नाही. आहेत तेवढ्यांवर चालतं. पण आत्ता चाललं पाहिजे. हा मागचा पाय असाच बसून आखडला, की मग जन्मभर करंडी."

"सव्वा महिना तरी होऊ दे," हेमलता म्हणाली. "सव्वा महिना बाहेर पडायचं नसतं."

देवाप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे धूर होता.

शेगडी बाहेर गेली. दार मात्र अर्धंच उघडलं. दामोदर उंबऱ्यापर्यंत यायचा, घसरायचा, आणि पडायच्या आत हेमलतेचे हात खाली असायचे. पहिले काही दिवस तो उचलल्यावर धडपडला. मग त्याच्या लक्षात आलं. पुढे पुढे तो एक पाऊल टाकायचा, हेमलतेकडे बघायचा, आणि उचलून घेण्यासाठी शांतपणे खाली बसायचा. नोकरीत हे शिकायला मला कित्येक वर्षं लागली होती. त्यानं आठवड्यात आत्मसात केलं. तुपानं तो गोल झाला. तो मागचा पाय पोटाखाली दुमडून ठेवायचा, काही दिवसांनी कामाला लागेल म्हणून ठेवून दिलेल्या भांड्यासारखा. झोपेत धावणंही कमी झालं होतं. ते मला बरं वाटलं नाही.

"हेमा," मी एकदा म्हटलं, "त्याला पडू दे जरा."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? लागलं म्हणजे?"

"लागेल."

"मग?"

"मग काही नाही. लागेल, एवढंच."

ती उठून आत गेली. आमच्यात भांडण फार कमी होतं, कारण दोघांपैकी एक जण नेहमी आत गेलेला असतो.

रविवारी सकाळी ओहायोचा फोन आला. मुलगी झाली होती, परवाच. संयोगिता घरीही आली होती. हेमलतेच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याच वेळी तोंडातून सूचना. शेक घे. कान बांध. गार पाण्यात हात घालू नकोस. पलंगावरून उतरू नकोस. फोनमधून येणारा आवाज इतका मोठा होता की मला स्टुलावर ऐकू येत होतं.

"आई, अगं मी दुसऱ्याच दिवशी चालले. इथे चालायलाच लावतात."

"चाललीस? कुणी धरलं होतं?"

"कुणी नाही."

"सासूबाई काय करतात मग?"

"त्यांनाही मी सांगितलंय, सारखं बाळ उचलून देऊ नका म्हणून. त्या रुसल्यात. आई, तिला आंघोळ मी घालते, सगळं मीच करते. जमतंय गं मला."

"आणि चक्कर आली, पडलीस म्हणजे?"

"पडले तर उठेन की."

पलीकडे बाळ रडलं. फोन ठेवला गेला. हेमलतेनं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि ती मधल्या खोलीत गेली. मी लगेच गेलो नाही. कॉफी केली, ती प्यायलो, आणि मग गेलो. ती चटईवर बसली होती. दामोदर उंबऱ्याशी बसून तिच्याकडे बघत होता, उचलून घ्या अशा बेतानं.

"त्यासुद्धा रुसल्यात म्हणे," ती म्हणाली.

"कोण?"

"सासूबाई तिच्या. इतकं तिकीट काढून गेल्या बिचाऱ्या." ती स्वतःशीच थोडं हसली. मग तिनं दामोदरकडे पाहिलं. "अहो, हा माझ्यामुळे बसलाय ना?"

मी दारातून बाजूला झालो.

"पुढचं दार उघडा," ती म्हणाली. "पूर्ण."

दुपार होती. सगळं मल्लेश्वरम जेवून झोपलेलं. व्हरांड्याच्या पायरीवर हेमलता बसली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. म्हणजे खरोखरच हातांवर बसली. अनुसूयाक्का डबा घेऊन फाटकातून आत आल्या, काय चाललंय ते एका नजरेत पाहिलं, आणि काही न विचारता तिच्या शेजारी टेकल्या.

दामोदर उंबऱ्यावरून निघाला. एक पाऊल. कोब्यावर पाय निसटला, तो आपटला. त्यानं हेमलतेकडे पाहिलं. हेमलतेनं पेरूच्या झाडाकडे पाहिलं. तो थांबला. आपली नेहमीची व्यवस्था मोडली आहे, हे कुठल्याही अनुभवी माणसाच्या उशिराच ध्यानात येतं. तो थांबूनच राहिला. पेरूच्या पानांची सावली कोब्यावर हलत होती आणि त्या लाल आरशात आभाळाचा एक तुकडा पडला होता. दामोदर त्या आभाळाच्या काठाशी बसला होता. इतकं शांत होतं की लांब कुठेतरी नळाला पाणी आल्याचं ऐकू आलं.

कुणी आलं नाही. मग तो उठला.

या वेळी त्यानं मागचा पाय मधोमध, शेपटीखाली आणून टेकवला. तीन पायांच्या स्टुलाला ज्या जागेची अक्कल असते, ती जागा. पुन्हा घसरला, पण पूर्ण नाही. आभाळाच्या त्या तुकड्यावरून तो पलीकडे आला. पायऱ्या उतरताना पुढचं अंग आधी गेलं आणि मागचं त्याला विचारत विचारत आलं. मातीला लागल्यावर मात्र पायाला पकड मिळाली. तो पेरूखाली गेला, वर कुंपणाच्या भिंतीकडे पाहिलं, अंग चोरलं आणि उडी मारली.

भिंतीच्या मध्यावर त्याची नखं लागली, करकरली, सुटली. धप्प.

हेमलता अर्धी उठली होती. अक्कांनी तिचा पदर धरला. "बसा हेमक्का."

"लागलं त्याला."

"लागलंच की. बसा."

हेमलता बसली. तिचे हात मांड्यांखालून निघाले होते. ते तिनं परत तिथे घातले. दामोदरनं जमिनीवर बसून आपली छाती चाटली, जणू काही त्यासाठीच तो खाली आला होता. मग पेरूच्या बुंध्यावरून, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत, मागच्या पायानं लाथा मारत, वेड्यावाकड्या घाईत तो चढला आणि फांदीवरून भिंतीवर उतरला. उतरला म्हणजे सांडला. उभा राहिला. आमच्या तिघांकडे पाहिलं, ओळख नसल्यासारखं, आणि अक्कांच्या बाजूला दिसेनासा झाला.

"आता?" हेमलतेनं विचारलं.

"आता काय, दोन्ही घरं त्याचीच," अक्का म्हणाल्या. "रस तिकडंच घालते." डबा घेऊन त्या निघून गेल्या.

संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्या सकाळी दुधाच्या वेळी आला, अंगाला कुणाच्या तरी घरच्या माशाचा वास, कानाजवळ ओरखडा. दूध पिऊन गेला. हेमलतेनं ओरखडा पाहिला. हळद आणायला उठली, आणि पुन्हा बसली. मधल्या खोलीचे पडदे तिनं धुवायला टाकले. खिडकी उघडल्यावर खोली एकदम लहान आणि रविवारसारखी रिकामी वाटली. कोपऱ्यातला शेपाचा वास मात्र पुढे बरेच दिवस जाईना. दुपारी मला तिथे झोप लागेना, म्हणून मी व्हरांड्यात परत आलो. तो पाय मला त्यानंतर दिसला नाही. बदली झाली असावी.

पुढच्या रविवारी पुन्हा फोन वाजला. फोन खिडकीपाशी आहे. तिथून अक्कांच्या घराची मंगळुरी कौलं आणि मागच्या गॅरेजचा पत्रा दिसतो, मध्ये हातभर मोकळी जागा. कौलांच्या अगदी कडेला दामोदर उभा होता आणि पलीकडच्या पत्र्याकडे टक लावून बघत होता.

हेमलतेनं रिसीव्हर उचलला. मी सूचनांची वाट पाहिली.

"हं, संयू. कशी आहेस?" ती म्हणाली. "नाही, मी काही सांगत नाही. तूच सांग. आंघोळ कशी घालतेस तिला?"

आणि मग ती गप्प झाली. पलीकडून संयोगिताचा आवाज येत राहिला, आधी जरा अडखळत, मग भरभर. पाणी, टॉवेल, बाळाची मान, काल काय झालं, परवा काय झालं. इतकं सलग बोलताना मी तिला लग्नाआधीपासून ऐकलं नव्हतं. हेमलता ऐकत होती आणि खिडकीतून बघत होती. कौलांवर दामोदरनं अंग आक्रसलं. हेमलतेचं तोंड उघडलं. त्यातून शब्द आला नाही.

त्यानं उडी मारली. पुढचे पाय पत्र्यावर पोचले, मागचं अंग खाली लोंबकळलं. एक पाय हवेत काहीतरी शोधत होता. हेमलतेच्या बोटांनी फोनची वायर घट्ट धरली. पत्रा वाजला, पुन्हा वाजला. मग एक लाथ भिंतीला लागली, आणि तो वर ओढला गेला.

"चढला," हेमलता म्हणाली.

"कोण गं?"

"कुणी नाही." तिनं स्टूल पायानं जवळ ओढलं आणि नीट बसून घेतलं. "तू बोल. मान कशी धरतेस म्हणालीस?"